काकवीच्या डब्यांची फौज

परवा लोणावळ्यात चिक्कीच्या एका दुकानामागे रिकामे डबे उन्हात पालथे घातलेले दिसले. नातवंडांसाठी चिक्की घ्यायला गेलो होतो, ती राहिली बाजूला. मी वाकून एक डबा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ त्यात तोंड घातलं. आत तोच वास होता. तापलेला पत्रा, तळाला चिकटून राहिलेली काकवी आणि थोडा गंज. दुकानातला पोरगा धावत आला. "आजोबा, काही पडलं का आत?" म्हटलं, "नाही रे. बघत होतो, अजून मावतो का." तो माझ्याकडे बघतच राहिला. सून गाडीत बसून सगळं पाहत होती. मी येऊन बसलो तसा तिनं नाक पुसायला रुमाल पुढे केला.

अठराव्या वर्षी मी त्या डब्यात मावत होतो. मी लोखंडी माणूस होतो.

बांगलादेशची लढाई जुंपायच्या जरा आधीचे ते दिवस. दिवाळी नुकतीच झाली होती. आमचं गाव वलवणच्या धरणाच्या अंगाला, मूठभर घरांचं. भात कापून झालेलं, शेतात नुसती बुडखं उभी, आणि खळ्यावर झोडणी चाललेली. आंबेमोहोराचा वास तेव्हा गावाच्या शिवेवरच अंगाला यायचा. सकाळी धरणावरून धुकं उठायचं आणि घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी त्या धुक्यातून अशी यायची की गाडी खळ्यातच येऊन उभी राहिली आहे असं वाटावं. त्या धुक्यातून एके दिवशी मुंबईची एक सिनेमा कंपनी आली.

कंपनी म्हणजे एक खटारा गाडी, एक कॅमेरा आणि डोळ्यांत झोप असलेली सात-आठ माणसं. तेव्हा असल्या कंपन्या लोणावळ्याला नेहमी यायच्या. हंगाम सरला की बंगले स्वस्तात मिळत आणि डोंगर तर फुकटच होते. त्यांचे सिनेमे मुंबईच्या मोठ्या थेटरांत लागायचे नाहीत. ते जत्रेतल्या तंबूंसाठी असायचे. आमच्या सिनेमाची गोष्ट सोपी होती. एक शास्त्रज्ञ लोखंडी माणसं बनवतो, ती बिघडतात, मालकाचं ऐकेनाशी होतात आणि डोंगरात शिरतात. मग सैनिकांची एक तुकडी त्यांच्याशी लढायला निघते. शास्त्रज्ञाला एक मुलगी होती आणि तिला एक गाणं होतं. ती बाई एकच दिवस आली आणि नेमकं त्या दिवशी धुकं हटलंच नाही. सिनेमात ते गाणं ऐकू येतं, बाई दिसत नाही.

डायरेक्टर गिरगावातले होते. किडकिडीत, डोक्याला मफलर, कायम सर्दी. त्यांनी लोणावळ्यात पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला गाठलं आणि चिक्कीवाल्यांकडचे काकवीचे आणि तुपाचे रिकामे डबे उचलून आणले. मोठ्या डब्यांची छाती, छोट्याचं डोकं, हातापायांना पत्र्याची नळकांडी, वरून रुपेरी रंग. छातीवर बॅटरीचा दिवा, त्याच्यावर लाल जिलेटीनचा कागद. डोळ्यांच्या जागी एक आडवी फट, त्यातून जग पट्टीएवढं दिसायचं. पत्र्याच्या माणसाला बसता येत नसे, वाकता येत नसे. एकदा आत गेलो की दुपारपर्यंत माणसाच्या सगळ्या गरजा बाहेर ठेवून यायचं. नाक खाजवायला सैनिकाची मदत घ्यावी लागायची, आणि तो सैनिक शत्रूपक्षाचा.

पण खरी गंमत मुंगळ्यांची. कारागिराने डबे धुतले होते, पण काकवी काही सगळी सुटली नव्हती. उन्हं चढली की पत्रा तापायचा, काकवी पाघळायची आणि माळावरचे मुंगळे रांगेनं यायचे. एकदा का छातीत शिरले की आम्ही हात झाडत, गोल फिरत, उड्या मारत, कोकलत सुटायचो. डायरेक्टर खुर्चीवर उभे राहून ओरडायचे, "वा! असंच! बिघडलेलं यंत्र असंच पाहिजे!" ते पडद्यावर बघून पुढे लोक वाहवा करायचे. आम्हाला काय झालं होतं ते आमच्या पोटऱ्यांना विचारा.

मी पत्र्यात का गेलो, खाकीत का नाही, त्याला कारण होतं. माझा थोरला भाऊ सदादादा फौजेत होता आणि त्याची तुकडी तेव्हा सरहद्दीवर निघाली होती. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई. रेडिओवर रोज काहीतरी सांगत आणि कळत काहीच नसे. आई दादाचं नाव काढायची नाही. दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "आसूंदे, आल्या-गेल्याला." दादा धड परत यावा, एवढा एकच विचार त्या घरात होता. झोडणी करताना, भाकरी थापताना, शेरडं बांधताना तोच विचार. तो परत येईल की नाही हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, म्हणून तो प्रश्न सगळीकडे होता.

कंपनीनं माणसं मागितली तेव्हा खाकी कपडे बघून आईनं मला बाहूला धरून मागं ओढलं. "खाकी न्हाई. ल्योक एक गेलाय खाकीत, त्यो बास हाय."

"मग त्यो पत्रा?" मी विचारलं.

तिनं त्या रुपेरी डब्यांकडे पाहिलं, एकाला बोटानं टकटक केलं. "पत्र्यात जा. पत्र्याला काय जीव हाय व्हय?"

आणखी चार-पाच जण माझ्यासारखे पत्र्यात गेले, बाकीच्या दहा-बारा पोरांनी खाकी घातली. कारण त्यांना सांगितलं होतं की नुसतं धावायचं आहे आणि लाकडी बंदुका रोखायच्या आहेत. माळावर पिवळं गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. त्यातून ती पोरं धावायची तेव्हा गवताचं कुसळ सगळ्यांच्या पायांत. संध्याकाळी चुलीपुढे बसून सैनिक आणि लोखंडी माणसं एकमेकांची कुसळं काढायची. अंगाला रुपेरी रंगाचा, घामाचा आणि गुळाचा वास यायचा. तो वास मला अजूनही आवडतो, याचं माझ्या घरच्यांना आश्चर्य वाटतं.

पुढे एका सकाळी डायरेक्टरांनी सांगितलं की आज मोठी लढाई. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब आणले होते, ओल्या पेंढ्याचा धूर केला होता. "लोखंडी माणसं हल्ला करतील," ते म्हणाले, "आणि सैनिक पडतील. मरतील." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पण कपडे घातलेले, कॅमेरा लागलेला, नाही म्हणायचं कसं? शेजारचा नामा सगळ्यांत पुढं होता. त्याच्या छातीवर कुंकवात तेल कालवून लावलं. बॉम्ब उडाले, धूर झाला, आम्ही डबे वाजवत पुढं झालो आणि खाकीतली पोरं पटापट गवतात पडली. माझ्या पट्टीएवढ्या जगात मला फक्त नामाचे पाय दिसत होते. अनवाणी. कंपनीकडे बूट कमी होते.

तेवढ्यात आई आमची भाकरी घेऊन माळावर चढली.

तिनं काय पाहिलं ते मला आत्ता कळतं. धुरात आडवी पडलेली खाकी पोरं, छातीवर लाल, आणि मधे उभे आम्ही, बिनचेहऱ्याचे. तिनं टोपलं खाली ठेवलं. कुणाला काही विचारलं नाही. कॅमेऱ्यासमोरून तडक चालत गेली आणि नामाची कॉलर धरली.

"ऊठ! तुजी आय घरी भात कांडतीया आन तू हितं मरून पडलाईस? ऊठ आदी!"

नामा डोळे मिटूनच कुजबुजला, "मावशे, शूटिंग हाय."

"आसंल. ऊठ."

नामा उठला. मग ती दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. कुणाला कान धरून, कुणाला पाठीत धपाटा घालून. शेवटचे दोघे ती यायच्या आधीच उठून उभे राहिले. आम्हीही डोकी काढून हातात घेतली आणि शाळेत मास्तर आल्यासारखे ओळीनं उभे राहिलो. कॅमेरावाला हसता हसता कॅमेरा बंद करायलाच विसरला होता.

डायरेक्टरांचा मफलर सुटला. "अहो बाई, फिल्म काय झाडाला लागते? लढाई आहे ही! लढाईत कुणी मरायला नको?"

"का मराया पायजेल?" आईनं विचारलं.

"त्याशिवाय लोकांना खरं कसं वाटणार?"

"पत्र्याचा मानूस चालतुया त्ये लोकास्नी खरं वाटतंय," आई म्हणाली, "आन आमचं प्वार जितं ऱ्हायलं, त्ये खरं वाटंना व्हय?"

डायरेक्टर दोनदा शिंकले. मग वैतागून म्हणाले, "बरं. मीच घालतो खाकी. मीच मरतो. मग तर झालं?"

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमची आय हाय न्हवं?"

"आहे. का?"

"मग तुमी बी न्हाई."

आणि मग तिचा आवाज उतरला. "सायेब, माजा ल्योक तिकडं सरहद्दीवर हाय. हितल्या समद्या घरातली हायती. ह्या कापडात कुनी पडलं की मला त्योच दिसतुया. तुमचा ख्योळ आसंल, पर ह्यो डोंगर बगतुया. बोलू ने, करू ने आसं."

डायरेक्टर तिथंच गवतात बसले. आईनं त्यांच्या पुढ्यात भाकरी आणि लसणाची चटणी ठेवली. ते जेवले. नाकातून पाणी येत होतं, सर्दीचं की चटणीचं कुणास ठाऊक. दुसरी भाकरी मागून घेतल्यावर म्हणाले, "मावशी, असं करू. लोखंडी माणसांच्या छातीतनं किरण निघतात. ते लागले की सैनिक मरत नाहीत, त्यांना नुसती गुंगी येते. शेवटी बिगूल वाजतो आणि सगळे उठतात. चालेल?"

"समदी?"

"सगळी."

"उटताना दिसली पायजेत," आई म्हणाली. आणि ती काही त्यांच्या भरवशावर राहिली नाही. शेवटचं दृश्य घेतलं त्या दिवशी काम टाकून ती कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बिगूल वाजला, पोरं एकेक करून गवतातून उठली, कपडे झाडत ओळीनं उभी राहिली. डायरेक्टर थांबा म्हणणार, तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला. "त्यो करवंदीच्या जाळीमागचा ऱ्हायला की!" खरंच एकजण राहिला होता. त्याला झोप लागली होती. मग तोही उठला, डोळे चोळत धावत येऊन ओळीत उभा राहिला, आणि ते तसंच सिनेमात आहे.

मरायचं सगळं मग आमच्या वाट्याला आलं आणि आम्ही हौसेनं मेलो. मी कड्यावरून गडगडत मेलो, ओढ्यात उताणा पडून मेलो, आंब्याला धडकून मेलो. ओढ्यात पडलो तेव्हा डब्यात पाणी शिरलं आणि मला बाहेर काढायला अख्खी सैनिक तुकडी लागली. इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं मेलेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल.

कंपनी गेली आणि थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली. दिव्यांना काळे कागद लागले, गाड्यांचे डोळे अर्धे रंगवले. लोणावळ्याचा बाजार संध्याकाळीच मिटायचा. चावडीवर रेडिओभोवती माणसं बसत आणि बातम्या संपल्या तरी उठत नसत. आईनं त्या दिवसांत खाल्लं काय, मला आठवत नाही.

दादा आला. चैत्रात आला, हातपाय शाबूत, अंगावर ओरखडा नाही. गावानं त्याला वेशीपासून वाजवत आणलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण पहिल्या आनंदाचा भर ओसरला तसं आमच्या लक्षात आलं की दादा बोलत नाही. कामं करायचा, हाक मारली की ओ द्यायचा. पूर्वीचा माझा दादा कुणाचीही नक्कल करायचा, जेवताना ठसका लागेपर्यंत हसवायचा. हा दादा खळ्याच्या कडेला भिंतीला पाठ लावून बसायचा आणि समोरच्या माळाकडे बघत राहायचा. सुट्टी संपली, गेला. पुढच्या साली परत सुट्टीवर आला, तसाच. आई मला एकटं गाठून विचारायची, "तुज्यासंगं तरी बोलतुया का रं?" लेक परत आला होता आणि तरी तिची वाट बघणं संपलं नव्हतं.

माझ्याशी तो एकदाच बोलला. आम्ही धरणाच्या काठाला बैल धूत होतो. पाण्याकडे बघतच त्यानं तीन नावं घेतली. पाटणचा जोती, चंदगडचा परसू, महाडचा गणा. "एका ताटात जेवायचो आमी," तो म्हणाला. "तिगं बी तितंच ऱ्हायली. माज्या म्होरं." मग बैलाच्या पाठीवर पाणी टाकलं. "आयला सांगू नगंस. ती रडत बसंल." मी सांगितलं नाही.

तो सिनेमा आता कुठे मिळत नाही. नातवानं फोनवर पुष्कळ शोधलं, नाव बदलून शोधलं. डब्यांतली माणसं पुष्कळ सापडली, आमची नाही. माळावर आता बंगले आहेत, करवंदीची जाळी होती तिथे कुणाचा तरी पोहण्याचा हौद आहे. आई गेली, दादाही गेला. नामा आहे, पण त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे मी एक बोलतो आणि तो दुसरंच आठवून हसतो. ओढा मात्र अजून तिथेच आहे. पण मला रोज आठवतो तो इंदुरीचा तंबू.

दादा दुसऱ्यांदा सुट्टीवर आला त्याच साली आम्ही इंदुरीला आत्याकडे जत्रेला गेलो होतो. गावाबाहेर इंद्रायणीच्या काठी तंबू लागला होता आणि तंबूत आमचा सिनेमा. बाहेर इंजिनाची धडधड आणि डिझेलचा धूर, आत तुडवलेली ओली माती, भुईमुगाच्या शेंगा, विड्या. मधोमध दोरी बांधलेली, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. आई दोरीला लागून बसली, अलीकडे दादा, त्याच्या शेजारी मी. मला वाटलं होतं दादा उठून जाईल. पडद्यावर खाकी दिसली तेव्हा त्याचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट आवळला गेला. मग मुंगळे चावलेली लोखंडी माणसं नाचायला लागली. मी ओढ्यात उताणा पडलो, पाय वर, छातीतला दिवा लुकलुकत. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला. दादा हसत होता. आईनं पदर तोंडाला लावला आणि पडद्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता परत तंबूत गेला. तिसऱ्या दिवशीही. "काय ठेवलंय त्यात?" आत्यानं विचारलं, तर म्हणाला, "चांगला हाय की." जत्रेच्या शेवटच्या दिवशी आई म्हणाली, मी पण येते. परत तसेच बसलो, दोरीला लागून.

शेवटचं दृश्य आलं. माळ, पिवळं गवत, गुंगी येऊन पडलेली खाकी पोरं. बिगूल वाजला. पहिला नामा उठला, गवत झाडत. दादा दोरीवरून आईकडे झुकला. हळूच म्हणाला, "आय, ह्यो जोती. पाटनचा."

मी तोंडात टाकलेली शेंग तशीच राहिली.

दुसरा उठला. "ह्यो परसू. लय खातुया. माज्या ताटातलं बी घेतुया." सैनिक उठत होते, ओळ लागत होती. मग जाळीमागून तो शेवटचा डोळे चोळत धावत आला, अख्खा तंबू हसला, आणि दादाही हसत म्हणाला, "आन ह्यो गना. ह्याला कायम उशीर."

आईला ती पोरं माहीत नव्हती असं थोडंच होतं? नामाला तिनं स्वतः कॉलर धरून उठवला होता. जाळीमागचा तिच्या चुलतभावाचा पोरगा. अरं, ही तर आपल्या गावची, असं ती सहज म्हणू शकली असती. पण ती दादाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसत होता, तसा तिलाही दिसत असणार. मी तिला एक शब्द सांगितला नव्हता, पण तिला सगळं समजलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दारात पाहुणे आल्यावर करायची तसा, आणि पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं.

"गुनाची दिसत्यात पोरं," ती म्हणाली. "आमच्या सदाला संबाळलं त्यांनी."

दादाची मान खाली गेली. आईनं दोरीखालून हात घालून त्याचा हात धरला. पडदा पांढरा झाला, कंदील लागले, माणसं चपला शोधत उठायला लागली. तंबूवाला सगळ्यांना बाहेर काढत होता. दादा रडत होता, मोठ्यानं, पोरासारखा, आणि आई त्याला उगी म्हणत नव्हती. हात तसाच धरून ती त्याला विचारत होती, जोतीला काय आवडायचं, गणाच्या घरी कोण कोण असतं, परसूला भाकरी किती लागायच्या, आणि दादा हुंदके देत एकेक सांगत होता.